सूत महागलं आणि टर्नओव्हर पाच कोटींवर गेला : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं ई-इनव्हॉइस प्रकरण

एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले माझ्याकडे आले. साठी ओलांडलेले, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. कापडी पिशवीत सहा बिलांच्या झेरॉक्स होत्या आणि मोबाइलवर पुण्याच्या पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, दोन ओळींचा मेसेज : बिलांवर आयआरएन नाही, क्यूआर कोड नाही, ते येईपर्यंत पेमेंट थांबवलं आहे. (ई-इनव्हॉइस म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, बाजारात त्यालाच ई-बिल म्हणतात; नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक म्हणजे आयआरएन.)

रक्कम लहान नव्हती. सहा बिलांची मूळ किंमत ९,६०,००० रुपये, त्यावर पाच टक्क्यांनी ४८,००० कर, एकूण १०,०८,०००. सूतवाल्याची उधारी याच पैशातून भागायची होती, आणि कामगारांची आठवड्याची मजुरी कुणाच्या पेमेंटसाठी थांबत नाही.

"ई-बिल पाच कोटींच्या वरच्यांना आहे की वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "माझे यंदा चार कोटी पण धड झाले नाहीत."

ते खोटं बोलत नव्हते. २०२३-२४ चा आकडा खरंच ३ कोटी ९० लाखांच्या आसपास होता. मी एकच विचारलं, "आजवर कधी पाच कोटी झाले होते का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सूत महाग झालं होतं त्या साली झाले असतील. पण धंदा वाढला नव्हता की साहेब, सूत वाढलं होतं."

या प्रकरणाचं सगळं मूळ त्या एका वाक्यात आहे.

ई-इनव्हॉइस सक्तीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२० ला झाली तेव्हा मर्यादा ५०० कोटींची होती, म्हणून आपल्याकडे कुणी तिकडे पाहिलं नाही. मग ती खाली येत गेली : १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, एप्रिल २०२१ ला ५० कोटी, एप्रिल २०२२ ला २० कोटी, ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. या शेवटच्या पायरीने सोलापूरचे बरेच कारखाने आत आले. बाजारात बातमी पोचली ती एवढीच, "पाच कोटींच्या वर ई-बिल". नियमाचा दुसरा अर्धा भाग वाटेतच गळाला. पाच कोटी चालू वर्षाचे नाहीत, फक्त मागच्या वर्षाचेही नाहीत. २०१७-१८ पासून पुढच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात टर्नओव्हर पाच कोटींवर गेला असेल, तर नियम लागतो. नंतर धंदा निम्म्यावर आला तरी तो लागूच राहतो.

२०२१-२२ हे वर्ष टॉवेल-चादरवाल्यांना वेगळं सांगायला नको. कापूस वर्षभर चढत होता आणि मे २०२२ मध्ये खंडीचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. सूत चढलं की टॉवेलचा डझनाचा दर चढतो. अण्णांचे माग तेव्हाही चोवीस होते, आजही चोवीसच आहेत. विकलेले डझन जवळपास तेवढेच, नफा उलट कमी, कारण दर वाढवून घ्यायला पार्टी तयार नसते आणि सूतवाला थांबत नाही. पण कायदा माग मोजत नाही, बिलावरचा आकडा मोजतो. त्यामुळे ज्या वर्षी माणूस सगळ्यात जास्त दमला, त्याच वर्षी तो कागदोपत्री "मोठा" झाला. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते उघड म्हणतो. मर्यादा ठरवताना एकाच वर्षाच्या उसळीला काहीतरी सूट हवी होती. पण नियम आहे तो असा आहे, आणि अशिलाला नियमातूनच बाहेर काढायचं असतं.

तरीही सोलापूरची विक्री त्या वर्षी ३ कोटी ९२ लाखच होती. मग पाच कोटी कुठून आले?

अण्णांच्या धाकट्या भावाकडे हैदराबादला एक दुकान आहे. भाऊ बसतो, पण दुकान अण्णांच्याच पॅनवर. तेलंगणाचा जीएसटी नंबर वेगळा, ३६ ने सुरू होणारा. आपला २७ चा. अण्णांच्या मनात ते "भावाचं दुकान". कायद्याच्या हिशेबात टर्नओव्हर पॅनवर मोजला जातो, सगळ्या राज्यांचा मिळून, कर वगळून. शिवाय सोलापूरहून हैदराबादला स्वतःच्याच दुकानात पाठवलेला मालही त्यात धरला जातो, कारण दोन राज्यांतले दोन जीएसटी नंबर म्हणजे कायद्याला दोन वेगळ्या व्यक्ती. म्हणजे तोच टॉवेल एकदा सोलापुरातून निघताना मोजला गेला आणि एकदा बेगम बाजारात विकला गेला तेव्हा.

मी पाठकोऱ्या कागदावर मांडणी करून दाखवली : सोलापूरची बाहेरची विक्री ३.९२ कोटी, हैदराबादला पाठवलेला माल ०.७४ कोटी, हैदराबादची विक्री ०.८१ कोटी. बेरीज ५.४७ कोटी. पुढच्या वर्षी ती ४.३८ वर उतरली, पण तोवर २०२१-२२ ने काम केलं होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून अण्णांनी ई-इनव्हॉइस करायला हवं होतं. साडेआठ महिने केलं नव्हतं.

त्यांनी कागद उचलून दोनदा वाचला. "मग माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलावर कुठाय क्यूआर? त्याचा धंदा माझ्या दसपट." प्रश्न रास्त होता. माल वाहतूक करणाऱ्या एजन्सींना, बँकांना, विमा कंपन्यांना या नियमातून वगळलेलं आहे, आकार कितीही असो. त्यांच्याकडे बघून आपला अंदाज बांधायचा नाही.

आणखी एका गोष्टीने त्यांची फसगत केली होती. पुण्याला गेलेल्या प्रत्येक बिलाबरोबर ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून नेताना लागणारा पोर्टलवरचा कागद, निघालं होतं. राज्यात एक लाखावरच्या मालाला ते लागतंच, आणि आयआरएन नसतानाही ते निघत होतं. गाडी कधी अडली नाही. अण्णांना वाटलं, सरकारच्या पोर्टलवरून कागद निघतोय म्हणजे सगळं रीतसर आहे.

पुण्याच्या पार्टीला का भीती वाटली?

अण्णांचा राग पार्टीवर होता. "वीस वर्षांचा व्यवहार, आणि एका चौकोनी ठिपक्यांसाठी पैसे अडवतो." इथे मला पार्टीची बाजू घ्यावी लागली. नियम असा आहे की ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने ते न करता दिलेलं बिल हे बिलच समजलं जात नाही. आणि हातात बिल नसेल तर खरेदीदाराला त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो कर स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. अण्णांनी ४८,००० रुपये कर वेळेवर भरला होता, रिटर्नमध्ये दाखवला होता, पार्टीच्या २बी मध्ये (खरेदीवरचं क्रेडिट दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या तक्त्यात) तो दिसतही होता. तरी उद्या तपासणीत अधिकाऱ्याने ते क्रेडिट नाकारलं असतं तर कर, व्याज आणि भांडण पार्टीच्या गळ्यात पडलं असतं. विकणाऱ्याच्या चुकीची पहिली झळ घेणाऱ्याला लागते, आणि म्हणूनच या नियमाची खरी अंमलबजावणी अधिकाऱ्यांच्या आधी मोठ्या खरेदीदारांचे अकाउंटंट करतात. पार्टीच्या अकाउंटंटने ई-इनव्हॉइस पोर्टलवर अण्णांचा जीएसटी नंबर टाकून पाहिला होता. तिथे लिहून आलं होतं की हा नंबर ई-इनव्हॉइससाठी सुरू आहे.

म्हणजे आम्हाला जे कागदावर मांडून कळलं ते पोर्टलला आधीच माहीत होतं. ३बी या कर भरायच्या रिटर्नमधल्या आकड्यांवरून ते नंबर आपोआप सुरू करतं. (उलटंही लक्षात ठेवावं : पोर्टलवर नंबर सुरू नसला म्हणजे जबाबदारी नाही असं होत नाही. तो स्वतः सुरू करून घ्यावा लागतो.) मग अण्णांना कुणी कळवलं कसं नाही? मी नोंदणी उघडून पाहिली. मोबाइल नंबर आणि ईमेल, दोन्ही जुन्या अकाउंटंटचे. २०१७ मध्ये व्हॅटवरून जीएसटीत येताना घाईत टाकलेले, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला. सात वर्षं विभागाचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजत होता. सोलापुरात हे घरोघरी आहे. मी त्या दिवशी पहिलं काम हेच केलं : नोंदणीत सुधारणा टाकून अण्णांचा स्वतःचा नंबर आणि सूनबाईंचा ईमेल घातला.

आता उपाय. बाजारातल्या एका ओळखीच्याने अण्णांना सल्ला दिला होता की जुनी सहा बिलं फाडून टाका, आजच्या तारखेची नवी ई-बिलं करा. हे करू नका, असं मी त्यांना टेबलावर हात ठेवून सांगितलं. माल जानेवारी-फेब्रुवारीत गेला, ई-वे बिल त्या तारखांची, रिटर्नमध्ये ती बिलं गेलेली. नवी बिलं केली तर त्याच मालावर दुसऱ्यांदा कर उभा राहतो, आणि जुनी बिलं खोटी होती असा अर्थ निघतो. झालेला उशीर हा दोष आहे. तारीख बदलणं ही लबाडी दिसते.

बरोबर रस्ता सरळ होता. त्याच नंबराचं, त्याच तारखेचं, त्याच रकमेचं बिल पोर्टलवर उशिरा नोंदवायचं. आयआरएन मिळताना पोर्टल एक पावती क्रमांक आणि पावतीची तारीख देतं. बिलाची तारीख जानेवारीची आणि पावतीची एप्रिलची, असा उशीर उघड दिसतो, आणि तो दिसू द्यावा. हे शक्य झालं कारण ३० दिवसांच्या आत नोंदवण्याचं बंधन तेव्हा १०० कोटींवरच्यांनाच होतं. १ एप्रिल २०२५ पासून ते १० कोटींवर आलं आहे. त्या टप्प्यातल्या माणसाला ३० दिवसांनंतर पोर्टल दारात उभं करत नाही. अण्णांचं दार उघडं होतं, आणि ते उघडं असतानाच सगळं उरकायचं ठरवलं. पुण्याची सहाच नव्हे, सगळी.

१ ऑगस्टपासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली सोलापूरची बिलं २११ निघाली, त्यातली १४ हैदराबादच्या स्वतःच्या दुकानाला, कारण दुसऱ्या जीएसटी नंबराला माल जातो म्हणजे तिथेही आयआरएन लागतो. शिवाय डागी माल परत आल्याच्या ४ क्रेडिट नोट. हैदराबादला किरकोळ विक्री जास्त असल्याने व्यापाऱ्यांची बिलं फक्त १९. नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलाला हा नियम नाही.

कारखान्याच्या ऑफिसात काम सूनबाईंनी घेतलं. बी.कॉम. झालेल्या, चटपटीत, आजवर त्यांच्या हातात फक्त हजेरी आणि पगार होता. कॉम्प्युटरवर काढलेली १७८ बिलं एक्सेलमधून पोर्टलच्या मोफत साधनात घालून एकगठ्ठा चढवायची होती. पहिल्या फेरीत चाळीसेक बिलं परत आली. कुठे पार्टीचा पिनकोड दुसऱ्याच राज्याचा, कुठे डझनाऐवजी नगाचा कोड, कुठे एचएसएन, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कोड, अर्धवट. टेरी टॉवेलचा सहा आकडी ६३०२६० एकदा सगळीकडे बसवला आणि पुढच्या फेऱ्या हलक्या झाल्या. पहिला आयआरएन पडद्यावर आला तेव्हा अण्णा मागे उभे होते. चौसष्ट अक्षरं-आकड्यांची ती ओळ पाहून म्हणाले, "एवढं कोण वाचणार?" सूनबाई म्हणाल्या, "मामा, वाचायचं नसतं, स्कॅन करायचं असतं." त्यांनी मोबाइल धरला आणि पडद्यावर विकणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम उमटली.

मग प्रिंट काढलं आणि अडलं. ऑफिसात जुना डॉट मॅट्रिक्स, तीन रंगी कार्बन कागदाचा. क्यूआरचा नुसता काळा चिखल झाला. मूळ प्रतीवर स्कॅन होईना, तिसऱ्या गुलाबी प्रतीवर तर चौकोनसुद्धा ओळखू येईना. तिथेच कळलं की तीन प्रतींचा सांभाळ आता लागत नाही. ई-इनव्हॉइसला तो नियमच नाही. दुसऱ्या दिवशी साधा लेझर प्रिंटर आला. बिलाचा कागद ए-४ झाला आणि दिवाणजींनी कार्बनचा गठ्ठा कपाटावर टाकला.

खरा गुंता उरलेल्या ३३ बिलांचा होता. ती हाताने लिहिलेली, बिलबुकातली. दत्त नगर, साखर पेठ, चाटी गल्लीतले दुकानदार येऊन माल उचलून नेतात, त्यांच्यासाठी अण्णांनी छापील बुक ठेवलं होतं. त्यावर नंबर ००८७, ००८८ असे. पोर्टल शून्याने सुरू होणारा बिलनंबर घेतच नाही. पहिलं अक्षर शून्य, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ चालत नाही. शून्यं काढून ८७ नोंदवावा, तर रिटर्नमध्ये ००८७ गेलेलं, आणि दोन्हीकडची नावं जुळत नाहीत. शेवटी या ३३ बिलांना "बीबी/८७" असे नंबर द्यायचं ठरलं. एप्रिलच्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) मधल्या दुरुस्तीच्या तक्त्यात जुना नंबर, नवा नंबर असं एकेक भरलं. रक्कम तीच, कर तोच, फरक शून्य. २०२३-२४ च्या बिलांची अशी दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत करता येत होती, म्हणून जमलं. मी स्वतः प्रत्येक दुकानदाराला फोन करून सांगितलं की तुमच्या २बी मध्ये हे बिल दुरुस्त म्हणून दिसेल, क्रेडिट दुसऱ्यांदा घेऊ नका. दोघांनी आधीच विचारलं होतं, बाकीच्यांना पत्ताच नव्हता.

बाकीच्या १७८ बिलांचं रिटर्नमध्ये काहीच हललं नाही. एरवी आयआरएन काढला की बिल आपोआप जीएसटीआर-१ मध्ये जाऊन बसतं. पण त्या महिन्याचं रिटर्न भरून झालं असेल तर पोर्टल ते पुन्हा चढवत नाही, वेगळ्या एक्सेल फाइलीत शेऱ्यासह दाखवतं. कर दुप्पट होईल ही अण्णांची भीती तिथे गेली.

दंडाचं काय, हे त्यांनी शेवटी विचारलं, आवाज खाली आणून. मी लपवलं नाही. नियमाप्रमाणे बिल न दिल्याचा किंवा चुकीचं दिल्याचा दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, यातली मोठी रक्कम. केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा. एकेक बिल वेगळं धरून कुणी हिशेब मांडला तर नुसत्या सोलापूरच्या २११ बिलांचे ४२ लाखांवर जातात. चोवीस मागांचा कारखाना त्यात बुडतो. पण इथे एक पैसा कर बुडाला नव्हता, सगळी बिलं रिटर्नमध्ये होती. आणि कायद्यातच म्हटलं आहे की अधिकाऱ्याने शोधण्याआधी माणसाने आपण होऊन चूक सांगितली, तर दंड ठरवताना ती गोष्ट त्याच्या बाजूने धरता येते. म्हणून मी विभागाला पत्र द्यायचा आग्रह धरला. अण्णांचा विरोध होता. "झोपलेल्याला उठवायचं कशाला?" मी म्हटलं, "तो झोपलेला नाही अण्णा, पोर्टलने तुमचा नंबर स्वतः सुरू केलाय. तो उद्या आला तर आपल्या हातात आजच्या तारखेची पोच पाहिजे." दोन दिवस विचार करून त्यांनी सही केली. पत्रात चूक कशी झाली, कधी कळली, किती बिलं नोंदवली, कर कोणत्या महिन्यात भरला, एवढंच लिहिलं.

पुण्याच्या पार्टीला सहा बिलांच्या नव्या प्रिंट गेल्या, त्यांच्या अकाउंटंटने एकेक स्कॅन करून पाहिली. ९ मे रोजी १०,०८,००० रुपये खात्यात आले. त्याच संध्याकाळी पार्टीचा फोनही आला, पुढच्या ऑर्डरचा.

चालू काम लगेच सुरळीत झालं असं नाही. मे महिन्यात एका बिलात १२ डझनांऐवजी १२० डझन पडले. चूक सापडली तिसऱ्या दिवशी. आयआरएन रद्द करायला २४ तासच मिळतात, ते गेले होते; शिवाय रद्द केलेला बिलनंबर परत वापरताही येत नाही. क्रेडिट नोट काढावी लागली आणि तिचाही आयआरएन. तेव्हापासून सूनबाईंनी पद्धत घातली : गासड्या बांधून टेम्पो दारात लागतो तेव्हा दिवाणजी बिलावरचे डझन मोठ्याने वाचतात, माल भरणारा मोजून "हं" म्हणतो, मगच त्या बटण दाबतात. टेम्पोवाला आधी कुरकुरायचा, आता तोच विचारतो, "वाचलं का?"

या प्रकरणानंतर मी माझ्या सगळ्या अशिलांचे २०१७-१८ पासूनचे आकडे पॅनवार काढले. आणखी तिघे निघाले, तिघेही २०२१-२२ चेच. हे काम मी ऑगस्ट २०२३ मध्येच करायला हवं होतं. त्यातला एक चादरवाला तर स्वतःला तीन कोटींचा समजत होता. त्याच्या पॅनवर कर्नाटकातली सुताची ट्रेडिंग होती.

अण्णा परवा पुन्हा येऊन गेले. "पुढची पाच वर्षं पाच कोटी झालेच नाहीत, तर सुटतो का यातून?" नाही, सुटत नाही, २०२१-२२ पुसलं जात नाही. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून ते जुनं बिलबुक काढलं. शेवटची तीस पानं कोरी होती. प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून त्यांनी स्वतःच्या अक्षरात "रद्द" लिहून आणलं होतं, फायलीला लावा म्हणाले.